उत्तर प्रदेशची युती आणि गावचा बांध

१९९३ च्या नोव्हेंबरात उत्तर प्रदेश विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा भारतीय जनता पक्षाचे १७७ आमदार निवडून आले. मुलायमसिंह यादव यांच्या समाजवादी पक्षाचे १०९ आणि मा. कांशीराम यांच्या बहुजन समाज पक्षाचे ६७, असे दोहोंचे मिळून १७६ झाले. म्हणजे युती भाजपच्या एका आमदाराने मागे होती. तरीही राज्यावर आली ती युतीच. काँग्रेसचे २८ आणि जनता दलाचे २७ आमदार होते. त्यांनी बाहेरून टेकू दिला आणि ४ डिसेंबर १९९३ रोजी मुलायमसिंहांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. बाबरी मशीद पाडली गेली त्या घटनेला दोन दिवसांनी वर्ष पूर्ण व्हायचे होते. ज्या पक्षाच्या राजवटीत ती पाडली गेली, त्या पक्षाला शूद्र, अतिशूद्र आणि मुसलमान यांच्या एकजुटीने सत्तेपासून दूर ठेवले, असे तेव्हा जिकडे तिकडे लिहिले गेले. ते खोटे नव्हते.

परंतु आकडे नीट पाहिले तर दुसरीही एक गोष्ट दिसते. भाजपची मते या निवडणुकीत घटलेली नव्हती. १९९१ साली त्या पक्षाला सुमारे साडेएकतीस टक्के मते आणि २२१ जागा होत्या; १९९३ साली मते सव्वातेहतीस टक्क्यांवर गेली आणि जागा मात्र १७७ वर आल्या. बसपची मते सुमारे साडेनऊ टक्क्यांवरून अकरा टक्क्यांच्या थोडी वर गेली, एवढेच. पण आमदार १२ चे ६७ झाले, आणि तेही अवघ्या १६४ जागा लढवून. मतदाराचे मन पालटले होते असे नव्हे, विखुरलेली मते एकत्र मोजली गेली होती. बेरीज बदलली होती. माणसामाणसांतले संबंध बदलले होते की नाही, हा प्रश्न त्या आनंदात कोणी विचारला नाही. मीही विचारला नाही, हे प्रांजळपणे सांगतो.

आपणा मराठी बौद्धांना त्या विजयाचे अप्रूप वाटण्याचे आणखी एक कारण होते. कांशीराम पंजाबातल्या रोपड जिल्ह्याचे. पण त्यांची वैचारिक जडणघडण झाली ती पुण्यात. संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत ते नोकरीला असताना बुद्धजयंती व आंबेडकरजयंतीच्या सुट्ट्या रद्द करण्यावरून वाद पेटला, त्यात दीनाभाना या चतुर्थ श्रेणीतील कर्मचाऱ्याची बाजू घेऊन ते उभे राहिले आणि तेथूनच बाबासाहेबांच्या ग्रंथांकडे वळले. ६ डिसेंबर १९७८ ची बामसेफ, १९८१ ची डी.एस.फोर आणि १४ एप्रिल १९८४ रोजी स्थापन झालेला बहुजन समाज पक्ष, या साऱ्याची मुळे पुण्या-नागपूरच्या शिकलेल्या नोकरदारांच्या बैठकांत आहेत. आपल्या मातीत जे बी रुजले आणि आपल्याच भांडणांनी ज्याचे झाड होऊ शकले नाही, ते गंगायमुनेच्या काठी उगवले, अशी आपली भावना झाली. रिपब्लिकन गटबाजीने शिणलेल्या मनाला त्या ६७ जागांनी जी उभारी दिली, ती ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना वेगळी सांगायला नको. (याच प्रदेशातून १९६२ साली बी. पी. मौर्य रिपब्लिकन पक्षातर्फे अलिगढहून लोकसभेवर गेले होते आणि तेव्हाही जाटव व मुसलमान एकत्र आले होते, हे मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांच्या स्मरणात आहे. झाड अगदीच परक्या मातीत उगवले नव्हते.)

ती युती बरोबर अठरा महिने टिकली.

ती का मोडली, याची दोन उत्तरे आपल्या मंडळींत प्रचलित आहेत. पहिले असे की मुलायमसिंहांनी विश्वासघात केला व त्यांच्या माणसांनी गुंडगिरी केली. दुसरे असे की कांशीराम यांना सत्तेची घाई झाली आणि ते मनुवाद्यांच्या पंगतीला जाऊन बसले. दोन्ही उत्तरांत थोडे थोडे तथ्य आहे. परंतु ही दोन्ही उत्तरे लखनौत बसून शोधलेली आहेत. मला वाटते, खरे उत्तर शेताच्या बांधावर होते.

उत्तर प्रदेशात जमीनदारी नष्ट करणारा कायदा १९५२ पासून अमलात आला. त्याने मोठ्या जमीनदारांच्या हातातली जमीन सुटली ती बहुतांशी कसणाऱ्या कुळांकडे गेली. ही कुळे म्हणजे यादव, कुर्मी, लोध, जाट अशा मधल्या जाती. पुढे पाटाचे पाणी व सुधारित बियाणे आले, तसे हेच लोक गावचे नवे धनी झाले. त्यांच्या शेतात मजुरी करणारे कोण? मुख्यत्वे जाटव, पासी आणि अन्य अस्पृश्य जाती. म्हणजे ज्या दोन समाजांच्या पक्षांनी १९९३ साली हातात हात घातले, त्यांचे गावातले नाते मालक आणि मजूर असे होते. मजुरी किती, मळणी कधी, गायरान कोणाचे, सरकारने दिलेला पट्टा कागदावर एकाच्या नावाचा आणि ताबा दुसऱ्याचाच का, ही रोजची भांडणे होती. ठाकूर-ब्राह्मणांविरुद्ध मत देताना ती बाजूला ठेवता येत होती. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती जिथल्या तिथे होती; किंबहुना अधिकच धारदार झाली होती. कारण आता यादवाला वाटत होते की राज्य आपले आले, आणि जाटवालाही तेच वाटत होते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर १९७८ साली मराठवाड्यात जी घरे जाळली गेली, ती पेशव्यांच्या वंशजांनी जाळली नव्हती. गायरान कसणाऱ्या बौद्धाच्या खोपटावर जो विळा-कोयता घेऊन आला, तो बहुतेक वेळा शेजारच्या बांधाचाच शेतकरी होता. 'बहुजन' हा शब्द आपण सभेत जितक्या सहजपणे उच्चारतो, तितक्या सहजपणे तो गावात नांदत नाही. विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. लखनौच्या शपथविधीला तेव्हा सहा आठवडेही झाले नव्हते. एकीकडे उत्तरेत दलित-ओबीसी ऐक्याचा जयजयकार आणि दुसरीकडे नामविस्ताराच्या दिवशी मराठवाड्यात कडेकोट बंदोबस्त, असे दोन देखावे आपण एकाच महिन्यात पाहिले. त्यांचा परस्परांशी काही संबंध आहे, असे तेव्हा आपल्या मनात आले नाही.

उत्तर प्रदेशात पुढे घडले ते असे. १९९४ साली मेरठच्या शेरगढीत बाबासाहेबांच्या पुतळ्यावरून संघर्ष उभा राहिला आणि पोलिसांनी गोळीबार केला. सरकारात आपला पक्ष भागीदार, आणि पुतळ्यासाठी जमलेल्या आपल्याच माणसांवर सरकारच्या बंदुका चालतात, हे चित्र बसपच्या कार्यकर्त्याला कसे पचावे? १९९५ च्या उन्हाळ्यात पंचायतींच्या निवडणुका आल्या. ७३ व्या घटनादुरुस्तीनुसार स्त्रियांना आणि अनुसूचित जातींना राखीव जागा होत्या. ज्या गावात सरपंचाच्या खाटेसमोर बसण्याची सोय नव्हती, तेथे प्रधानकीसाठी अर्ज भरण्याची वेळ आली. विधानसभेच्या वेळी जागा वाटून घेतलेल्या दोन पक्षांना गावपातळीवर काहीही वाटून घेता आले नाही. खेड्याखेड्यांत हाणामाऱ्या झाल्या. १ जून १९९५ रोजी बसपने पाठिंबा काढून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी लखनौच्या मीराबाई मार्गावरील शासकीय अतिथिगृहात जे घडले ते सर्वविदित आहे. मायावती यांना एका खोलीत दार लावून बसावे लागले व बाहेर सत्ताधारी पक्षाचा जमाव शिवीगाळ करीत होता. एका राज्यातल्या सत्तेतल्या मित्रपक्षाच्या स्त्री-नेत्यावर ही पाळी यावी, याची लाज ज्यांना वाटायला हवी होती त्यांना पुढे कित्येक वर्षे ती वाटली नाही.

३ जून १९९५ रोजी भाजपच्या पाठिंब्यावर मायावती मुख्यमंत्री झाल्या. भारताच्या इतिहासात एखाद्या राज्याच्या मुख्यमंत्रिपदी बसलेली ही पहिली दलित स्त्री. वय ३९.

आपल्या बौद्ध समाजात त्या दिवशी जेवढा आनंद झाला तेवढाच संतापही झाला. भाजपचा पाठिंबा घेणे म्हणजे धम्मक्रांतीशी द्रोह, असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ होते. त्यांची वेदना मी कमी लेखत नाही. परंतु केवळ साडेचार महिने टिकलेल्या त्या सरकारने काय केले, हेही त्याच तराजूत टाकले पाहिजे. आंबेडकर ग्राम योजनेला वेग आला. अनुसूचित जातींची वस्ती मोठी असलेल्या गावांत रस्ता, पाण्याचा पंप, घरकुल पोहोचले आणि मुख्य म्हणजे कागदावरच्या पट्ट्यांचा प्रत्यक्ष ताबा देण्याची मोहीम निघाली. पोलीस ठाण्यांवर अनुसूचित जातींचे अधिकारी नेमले जाऊ लागले. फिर्याद लिहून घेतली जाते की नाही, हे ठाण्यातल्या खुर्चीवर अवलंबून असते, हे ज्याला कधी ठाण्यातून हाकलून दिले गेले आहे त्यालाच कळते. आंबेडकर नगर हा जिल्हा सप्टेंबर १९९५ मध्ये झाला. पुढे १९९७ च्या कारकिर्दीत ज्योतिबा फुले नगर, गौतम बुद्ध नगर, महामाया नगर हे जिल्हे झाले आणि कानपूरच्या विद्यापीठाला छत्रपती शाहूजी महाराजांचे नाव मिळाले. आपल्या कोल्हापूरचे शाहू आणि आपल्या पुण्याचे फुले हिंदी मुलुखाच्या नकाशावर उमटले, ते या दोन तुटपुंज्या कारकिर्दींत. ते उत्तरेत आपल्या लेखण्यांनी नेले नव्हते.

म्हणून युती कोणाशी केली, या एकाच प्रश्नावर न्यायनिवाडा करणे मला पुरेसे वाटत नाही. मुलायमसिंहांशी केलेली युती तत्त्वाला धरून होती, पण तिच्यात दलितांच्या हाती गृहखाते नव्हते, महसूलखाते नव्हते, आणि जमिनीबद्दल एक ओळही ठरलेली नव्हती. भाजपशी केलेली तडजोड तत्त्वाला सोडून होती, पण साडेचार महिने का होईना, ठाणेदार आणि तहसीलदार यांच्या बदल्या करणारी लेखणी आपल्या हाती होती. ज्याच्या मनाला पहिली युती अधिक शुद्ध वाटते, त्याने शेरगढीच्या लोकांना विचारावे.

मात्र दुसऱ्या प्रकारच्या तडजोडीची किंमतही लवकरच वसूल झाली. १९९६ च्या निवडणुकीत बसपने काँग्रेसशी जागावाटप केले. बसपच्या जागा पुन्हा ६७ च आल्या, काँग्रेसच्या ३३. आपली मते मित्रपक्षाकडे जातात, मित्रपक्षाची मते आपल्याकडे येत नाहीत, हा कांशीराम यांचा त्यानंतरचा ठाम निष्कर्ष होता. आपल्याकडच्या रिपब्लिकन नेत्यांनी तो दादासाहेब गायकवाड-यशवंतराव चव्हाण समझोत्यापासून अनुभवला होता. उघडपणे सांगितला मात्र नव्हता. १९९७ च्या मार्चमध्ये सहा-सहा महिन्यांच्या आळीपाळीचा अजब करार भाजपशी झाला. सहा महिने मायावती, मग सहा महिने कल्याणसिंह. मायावतींचे सहा महिने संपले, कल्याणसिंह आले, आणि अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा 'गैरवापर' थांबवण्याच्या नावाखाली त्याची धार बोथट करणारे आदेश निघाले. बसपने ऑक्टोबरात पाठिंबा काढला. तेव्हा बसपचेच १२ आमदार फुटून सरकारात गेले. काँग्रेसचेही फुटले. फुटलेल्यांची सोय लावता लावता मंत्रिमंडळ ९३ जणांचे झाले!

२००२ साली तिसऱ्यांदा भाजपच्या साथीने सरकार आले आणि २००३ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. पुन्हा बसपचे आमदार फुटले, मुलायमसिंह पुन्हा मुख्यमंत्री झाले. त्या फुटीरांना अपात्र ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल फेब्रुवारी २००७ मध्ये लागला. त्या वेळी विधानसभेची मुदतच संपत आली होती. न्याय मिळाला, पण ज्या खुर्चीसाठी तो हवा होता तिची साडेतीन वर्षे दुसरेच कोणी उपभोगून गेले होते.

येथे मला बाबासाहेबांच्या एका निवेदनाची आठवण होते. मार्च १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी घटना समितीसाठी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' तयार केले. आपल्या घरांत ते बहुधा राज्यसमाजवादाच्या संदर्भात माहीत असते. शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी आणि ती सामुदायिक पद्धतीने कसली जावी, ही त्यातली मागणी आपण भाषणांत सांगतो. परंतु त्याच निवेदनात मंत्रिमंडळाची रचना कशी असावी याचीही तरतूद आहे, आणि ती आपण सहसा वाचत नाही. बाबासाहेबांची सूचना अशी होती की पंतप्रधानाची निवड सबंध सभागृहाने संक्रमणीय मताने करावी; मंत्रिमंडळातले अल्पसंख्याकांचे प्रतिनिधी त्या त्या अल्पसंख्य समाजाच्या सभासदांनी निवडावेत; बहुसंख्याकांचे प्रतिनिधी मात्र सबंध सभागृहाने निवडावेत; आणि अशा मंत्रिमंडळाला विधिमंडळाची मुदत संपेपर्यंत हलवता येऊ नये. राज्यांसाठीही हीच रचना त्यांनी मांडली होती.

ही योजना स्वीकारली गेली नाही. पुढे घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेबांनी जी संसदीय पद्धत मांडली, ती निराळी होती व ती त्यांनी समर्थपणे मांडली. परंतु १९४७ च्या निवेदनाची तर्कसंगती पाहा. जमीन आणि मंत्रिमंडळ या दोन गोष्टी त्यांनी एकाच कागदावर लिहिल्या होत्या. ज्या देशात राजकीय बहुमत हे जन्माने ठरलेले बहुमत असते, तेथे अल्पसंख्याकाचा मंत्री बहुसंख्याकाच्या मर्जीने नेमला व काढला जाईल आणि गावात त्याचा मतदार बहुसंख्याकाच्या शेतावर मजुरी करील, तर मतपेटीतून मिळालेली सत्ता टिकायची कशावर? १९९३ च्या युतीजवळ या दोहोंपैकी एकाचाही बंदोबस्त नव्हता. कांशीराम यांच्याजवळ संघटना होती, चिकाटी होती, सायकलवरून गावे पालथी घालणारे कार्यकर्ते होते; करार नव्हता.

आणि करार म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी कृतीने दाखवले होते. १९३७ च्या मुंबई इलाख्याच्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाने १७ उमेदवार उभे केले आणि त्यांतले बहुसंख्य निवडून आले. सत्ता काँग्रेसकडे गेली. बाबासाहेब विरोधी बाकावर बसले, आणि त्याच वर्षी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कोकणातल्या खोताच्या जाचाखाली नुसते महार नव्हते. कुणबी होते, आगरी होते. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर मोर्चाने आले तेव्हा त्या मोर्चात या साऱ्या जाती एका रांगेत चालत होत्या. त्यांना एकत्र आणणारी वस्तू म्हणजे खोताच्या वहीतले देणे. विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही; खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर. पण कुणबी आणि महार यांच्या एकत्र येण्याला बांधावरचे कारण दिले तर ते एकत्र येतात, याचा पुरावा मिळाला. जागांच्या वाटपावर उभी राहिलेली एकजूट आणि देण्याच्या प्रश्नावर उभी राहिलेली एकजूट, यांत हा फरक आहे. उत्तर प्रदेशात मजुरीचा दर हा दोन्ही पक्षांचा कार्यक्रम होऊ शकला नाही, कारण एका पक्षाचा मतदार तो देणारा होता आणि दुसऱ्याचा घेणारा. हे कबूल करून आधी त्यावरच बोलणी करणे कठीण होते. पण न बोलता जे झाले ते अधिक महाग पडले.

आपण ज्या ब्रिटनमध्ये आज राहतो, त्या देशाची पद्धत भारताने उचलली. येथेही २०१० साली आघाडी सरकार आले. कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लिबरल डेमोक्रॅट या पक्षांनी सरकार बनवताना लेखी करारनामा करून तो जाहीर केला, आणि संसदेची मुदत निश्चित करणारा कायदाही २०११ मध्ये केला (तो पुढे २०२२ मध्ये रद्द झाला). त्या करारामुळे सरकार पाच वर्षे टिकले. धाकट्या भागीदाराचे काय झाले, हेही आपण पाहिले: विद्यापीठांचे शुल्क वाढवणार नाही म्हणून मते मागितलेल्या पक्षाने ते वाढवण्यास संमती दिली, आणि २०१५ मध्ये त्याचे ५७ खासदार ८ वर आले. तेव्हा नुसता लेखी करार पुरत नाही हे खरे. धाकट्या भागीदाराला कशावर अडून बसायचे हे आधी ठाऊक असावे लागते. पण निदान येथे मतदाराला करार वाचता आला आणि कोणत्या ओळीवर आपल्याला फसवले गेले हे बोट ठेवून दाखवता आले. लखनौच्या बाबतीत आपण अजूनही कोणी कोणाला काय कबूल केले होते यावर वाद घालतो.

यावर कोणी म्हणेल की युतीचा मार्गच चुकीचा. स्वबळ हाच उपाय. २००७ साली बसपने ते करून दाखवले. ४०३ पैकी २०६ जागा, तीस टक्क्यांहून थोडी अधिक मते आणि पूर्ण पाच वर्षांचे सरकार. तो विजय लहान नव्हता, व कांशीराम तो पाहायला नव्हते. धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवाला आपण बौद्ध होऊ असे त्यांनी जाहीर केले होते. त्या तारखेच्या पाच दिवस आधी, ९ ऑक्टोबर २००६ रोजी, त्यांचे निधन झाले आणि त्यांचा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने झाला. परंतु स्वबळ म्हणतो तेव्हा तीही एक युतीच असते, हे विसरता कामा नये. उत्तर प्रदेशात अनुसूचित जाती साधारण एकवीस टक्के. त्यांतही सर्वच बसपचे मतदार नव्हेत. उरलेली मते ब्राह्मणांना, मुसलमानांना, लहान ओबीसी जातींना उमेदवाऱ्या देऊन आली. ती पक्षाच्या आत झालेली युती होती, एवढाच फरक. पुढे बाहेरचे पाहुणे जसे आले तसे गेले. २०१२ मध्ये ८० जागा, २०१७ मध्ये १९, आणि २०२२ मध्ये अवघी १. मते तेव्हाही जवळपास तेरा टक्के होती. १९९३ साली ६७ आमदार देणाऱ्या मतांपेक्षा जास्त! हा आकडा मी दोनदा तपासून पाहिला.

आणि महाराष्ट्र? २०११ च्या जनगणनेत आपल्या राज्यात बौद्ध ५.८ टक्के होते. सर्व अनुसूचित जाती धरल्या तरी बारा टक्क्यांच्या आत. आपल्यासाठी स्वबळाचा प्रश्न उद्भवतच नाही. युती करायची की नाही हे आपण ठरवू शकत नाही, ती कशाच्या मोबदल्यात करायची एवढेच ठरवू शकतो. १९९८ च्या लोकसभेत काँग्रेसशी समझोता करून प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे व रामदास आठवले हे चारही रिपब्लिकन नेते खुल्या मतदारसंघांतून निवडून आले. रिपब्लिकन चळवळीच्या इतिहासातला तो अपूर्व क्षण होता. ऐक्य पुढच्या निवडणुकीपर्यंतही टिकले नाही. त्या समझोत्यातून गायरानधारकांना काय मिळाले, असे आपल्यापैकी किती जणांनी विचारले? आपण चौघे निवडून आले याचे पेढे वाटले. त्यानंतर वेगवेगळ्या आघाड्यांत कोणी राज्यमंत्री झाले, कोणी महामंडळावर गेले, कोणी राज्यसभेत. ही पदे आपल्याला नको होती असे नाही. परंतु प्रत्येक वेळी वाटाघाट जागांची झाली, खात्यांची क्वचित झाली आणि जमिनीची कधीच झाली नाही.

आपण परदेशस्थ यात कोठे बसतो? आपल्यापैकी ज्यांनी येथले नागरिकत्व घेतले, त्यांना भारतात मत नाही. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांना २०१० च्या दुरुस्तीने नाव नोंदवता येते, पण मत द्यायला त्या दिवशी गावच्या केंद्रावर स्वतः उभे राहावे लागते. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत ते नाहीच. आपल्याजवळ आहे ती वर्गणी, आणि व्यासपीठ. भारतातून नेते येतात, १४ एप्रिलला आणि अशोक विजयादशमीला आपल्या सभागृहांत बोलतात, आपण त्यांना शाल देतो, छायाचित्रे काढतो, आणि प्रश्नोत्तरांना वेळ उरत नाही. उरलाच तर पहिला प्रश्न असतो, "साहेब, या वेळी किती जागा सुटतील?" पाहुण्यांना तो प्रश्न आवडतो. त्याचे उत्तर द्यायला त्यांना काहीच गमवावे लागत नाही.

कार्यकारिणीला माझी एक सूचना आहे आणि ती मी बैठकीतही मांडणार आहे. यापुढे निमंत्रणपत्रासोबतच पाहुण्यांना तीन प्रश्न लेखी कळवावेत आणि त्यांची उत्तरे पुढच्या स्मरणिकेत जशीच्या तशी छापावीत. महसूल आणि गृह यांपैकी कोणते खाते तुम्ही मागितले, आणि ते नाकारले तेव्हा काय केले? गायरान व पट्ट्यांच्या ताब्याबद्दल मित्रपक्षाने कोणत्या तारखेला कोणत्या कागदावर सही केली? आणि तुमच्या तालुक्यात युतीच्या दोन पक्षांचे कार्यकर्ते पंचायतीच्या निवडणुकीत एका बाजूला उभे होते की समोरासमोर? काही पाहुणे अशा निमंत्रणाला येणार नाहीत. सभागृहाचे भाडे तेवढ्यापुरते वाचेल.